बुरुलचे डोहाळे

बुरुल खोटं बोलली होती, हे आता आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी तिच्याबद्दल लिहायचं तर त्या खोट्याला टाळून चालायचं नाही. मला माहीत आहे तेवढ्यात ती आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही भर पंगतीत, आशीर्वादाला हात वर झालेले असताना.

ती मूळची तोंगची, सरोवराकाठची. तिकडे जर्दाळूच्या बागा, तारेवर वाळत घातलेले मासे, परसात गाजरं, कांदे, कोथिंबीर. आमचं गाव आत-बाशीच्या डोंगराखाली. आमच्याकडे झाड म्हणजे पॉपलर आणि फळ म्हणजे बटाटा. उन्हाळा येतो म्हणेपर्यंत जातो. मेलिस ट्रक चालवायचा, रस्त्याकडेला जर्दाळू विकणाऱ्या या मुलीशी भाव करता करता तिलाच घेऊन आला. पळवून-बिळवून नाही, ती स्वतःच्या पायांनी ट्रकमध्ये चढली. पुढे कुणी विचारलं की म्हणायची, "मला कोण पळवणार? मी काय कोकरू आहे?"

सासू कुलुइपा माझ्याच वयाची. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा ती डोंगरात मेंढ्या राखत होती, आणि खरं सांगायचं तर मेंढीबद्दल मला कधीच तिच्याइतकं कळलं नाही. मोठ्या हातांची, मोठ्या आवाजाची, मायाळू आणि हट्टी बाई. नव्या सुनेने पहिल्याच दिवशी पेटी उघडून खिडकीत वाळलेले मासे टांगले, तेव्हा कुलुइपा म्हणाली, "ए केलिन, ही मढी माझ्या खिडकीत कशाला?"

"खायला, अपा." केलिन म्हणजे सून, अपा म्हणजे आई, आणि सासऱ्याला किंवा म्हाताऱ्याला अता.

"आमच्यात माणसं मेंढी खातात."

"आणि भाजी?"

"भाजी मेंढी खाते. मेंढी आम्ही खातो. म्हणजे भाजीसुद्धा आम्हीच खाल्ली की."

हा विनोद आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि दर पिढीला तो आपणच केला असं वाटतं. सगळे हसले. बुरुल हसली नाही. तिने जुन्या खिडक्यांच्या काचा गोळा करून घरामागे एक बसकं काचघर उभं केलं आणि त्यात कोबी, पालक, गाजर लावलं. गावातले लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. "मेलिसच्या बायकोला शिंगं फुटतील," म्हणायचे.

हसण्यावारी गेलं असतं सगळं. पण जिबेक झाली.

जिबेक म्हणजे बुरुलची थोरली. चालायला लागली तशी तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. थंडी पडली, चुलीचा धूर कोंदला, साधी सर्दी झाली, की पोरगी खांदे उचलून उचलून श्वास घ्यायची. नार्यनच्या इस्पितळात बाक्तिगुल नावाची डॉक्टरीण होती. तिने तपासलं, दमा म्हणाली, रोज ओढायचा पंप दिला आणि धाप लागली तर ओढायचा दुसरा दिला. मग बुरुलने विचारलं, "आणि खायला काय देऊ?"

त्या बाईने जे सांगितलं ते बुरुलने मला येऊन जसंच्या तसं सांगितलं, म्हणून मलाही पाठ आहे. फळं, भाज्या, मासे खाणाऱ्या मुलांमध्ये दम्याचा त्रास थोडा कमी दिसतो. तळलेलं, पाकिटातलं, साखरेचं रंगीत पाणी यांवर वाढणाऱ्यांमध्ये जास्त दिसतो. गरोदर बाईच्या खाण्याचाही पोटातल्या मुलावर काही परिणाम होत असावा. पण 'असावा', शपथ नाही. अमुक खाल्लं की दमा जातो असं कुणी सांगितलं तर त्याला घराबाहेर काढा. आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरंच अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडकला तरच तो बंद करा, उगाच पोरीचं ताट रिकामं करू नका.

कुलुइपाने घरी नेमकं तेच केलं होतं. आमच्यात खाण्याचे दोन पक्ष, गरम आणि थंड. घोड्याचं मांस, मेंढीच्या शेपटीची चरबी, अक्रोड, मध हे गरम. मासा, सफरचंद, कोबी, दही हे थंड. थंडीने छाती भरते, मग भरलेल्या छातीला थंड कसं द्यायचं? दिसायला किती शहाणपणाचं! आणि त्या शहाणपणापायी पोरगी पाव, चहा, चरबी आणि शेवयांवर आली होती. वर रोज सकाळी डोंगरातल्या सुऊरची चरबी चमचाभर. सुऊर म्हणजे बिळात राहणारा तो जाडा केसाळ प्राणी. त्याची चरबी छातीला चांगली म्हणून सगळा गाव खातो. पोरगी नाक दाबून गिळायची.

आणि आजोबा? जुमादिल तर नातीवर जीव टाकायचा. बाजारातून येताना चिप्सची पाकिटं आणि लाल रंगाच्या गोड पाण्याच्या बाटल्या आणायचा. पाकिटातलं खाणं थंड की गरम हे आमच्या पूर्वजांनी ठरवून ठेवलेलं नाही, त्यामुळे त्याला कुणाची हरकत नव्हती.

या जुमादिलचा एक घोडा होता, तोरू. हिवाळ्यात खोकायचा, पोट आत ओढून श्वास सोडायचा. जुमादिल त्याला कधी जुनं गवत घालायचा नाही. प्रत्येक पेंढी झटकून, पाण्यात भिजवून, मग पुढे टाकायची. पहिलं हिरवं फुटलं की घोडा बाहेर. एकदा बुरुल त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अता, घोड्याला धाप लागली तर तुम्ही आधी त्याचा चारा बघता. पोरीला धाप लागली तर चारा का बघत नाही?"

जुमादिल म्हणाला, "घोडा आणि पोरगी एक का?"

"नाही. घोड्याची काळजी जास्त चाललीय."

मला तिने ही फुशारकी सांगितली तेव्हा मी तिला टोकलं. घोड्याला गवत बाधतं ते नाकात जाणाऱ्या धुळीमुळे, पोटात जाणाऱ्या गवतामुळे नाही. तुझा दाखला लंगडा आहे. ती म्हणाली, "मुगालिम-एजे, लंगडा घोडासुद्धा घरी पोचतो." मुगालिम म्हणजे मास्तर, एजे म्हणजे ताई. शाळा सुटली तरी मला गाव अजून तेच म्हणतं.

खरा प्रश्न मात्र ताटाचा नव्हता. आमच्यात पहिलं नातवंड आजीआजोबांचं. ते त्यांच्याच मांडीवर वाढतं, आजीलाच आई म्हणतं, आणि जन्म देणारीला नावाने हाक मारतं. यात कुणी कुणावर अन्याय करतोय असं कुणालाच वाटत नाही. मेलिस स्वतः आपल्या आजीकडे वाढलेला. जिबेकची छाती नाजूक म्हणून कुलुइपाने पोरीला इतके दिवस आईजवळ राहू दिलं होतं. आता तिचा धीर संपला. या हिवाळ्यात ती आणि जुमादिल मेंढ्या घेऊन आक-सायला जाणार होते, आणि जिबेकला बरोबर नेणार होते.

आक-साय ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वाऱ्याखेरीज शेजार नाही. एक खोली, गोवऱ्यांची चूल, भिंतीपलीकडे मेंढ्या आणि वाळलेल्या गवताची गंजी. हिवाळाभर मांस, पाव, चहा. बर्फ पडलं की रस्ता बंद, इस्पितळ तर लांबच.

"तिथली हवा बघ," कुलुइपा म्हणायची. "ताजं मांस, गरम रस्सा. वसंतात घोड्यासारखी दौडत येईल."

"आणि धाप लागली तर?"

"माझ्या हातांखाली किती पोरं वाढली, माहीत आहे?"

मेलिस आईसमोर गप्प आणि बायकोसमोरही गप्प. चांगला माणूस, पण ट्रकबाहेर त्याला ब्रेकच ब्रेक.

त्याच सुमाराला बुरुलला दुसऱ्यांदा दिवस गेले. आणि कुलुइपाने, जिला सुनेचं काहीच पटत नसे, तिने स्वतः तिच्याजवळ बसून विचारलं, "काय खावंसं वाटतंय?" कारण डोहाळे मोडायचे नाहीत, हा आमच्यातला सगळ्यांत पक्का नियम. गरोदर बाईने मागितलं आणि मिळालं नाही, तर मुलाच्या नशिबात तेवढं उणं राहतं. जुन्या गाण्यांतल्या आयांना म्हणे वाघाचं काळीज लागायचं, आणि ते आणून दिलं जायचं.

बुरुल म्हणाली, "मासा."

कुलुइपाने तोंड वाकडं केलं, पण मेलिसला फर्मान सुटलं. सरोवराकाठच्या बालिकचीहून येताना तो धुरावलेले मासे घेऊन आला. मग सफरचंदं झाली. मग आंबवलेला कोबी. हे डोहाळे खरे होते बरं का. माहेरचं माणूस माहेरचंच मागणार. फक्त त्या घरात मोठा गंमतीचा प्रकार सुरू झाला. आई मासा खातेय, सफरचंद खातेय, आणि समोर जिबेक चहात पाव बुडवत बसलीय. बुरुलने एक तुकडा तिच्याकडे सरकवला की सासूचा हात मध्ये.

"पोटातलं मागतंय, ते पोटातल्याला. बाहेरच्याला नाही."

"बाहेरचं पण माझ्याच पोटातून आलंय, अपा."

"आलं ते आलं. आता ते माझं."

आक-सायला निघायच्या आधी जुमादिलने हिवाळ्याचा घोडा कापला. याला आमच्यात सोगुम म्हणतात. थंडीभराचं मांस साठवायचं आणि पहिल्या दिवशी गावाला जेवू घालायचं. सगळे आले. वाफाळत्या परातीतून वया-मानाप्रमाणे हाडं वाटली गेली. मला म्हाताऱ्या बायकांच्या मानाचा मागचा तुकडा मिळाला, तो दातांना झेपत नाही आणि नाकारताही येत नाही. बुरुल दाराशी बसून चहा ओतत होती. सुनेची जागा तीच.

जेवणं झाली. जुमादिल म्हणाला, "परवा निघतोय. जिबेक आमच्याबरोबर येतेय. आजपासून ती आमची धाकटी. आशीर्वाद द्या." गावात सगळ्यांत वयस्क बोकोन-अता. त्याने तळहात उघडून वर धरले, त्याच्यामागे सगळ्यांचे हात वर झाले. बोकोन-अता डोंगर, घोडे, पोरीचं आरोग्य असं काहीबाही पुटपुटायला लागला. शेवटी ओमीन म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवला की बात पक्की. मग देवसुद्धा ती मोडत नाही, मेलिस तर काय मोडणार.

बुरुलने चहाची किटली दाणकन खाली ठेवली.

"हात तसेच राहू द्या. माझं राहिलंय."

माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "अगं बाई, केलिन बोलली!" आशीर्वाद चालू असताना सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडलेलं मी तरी आधी पाहिलं नव्हतं. हात सगळ्यांचे वरच होते. आता खाली घ्यावेत की ठेवावेत, कुणाला कळेना.

"अपा," बुरुल म्हणाली, "मला नवे डोहाळे लागलेत."

कुलुइपा सावध झाली. "आत्ता? बोल. कशाचे?"

"उष्ट्याचे."

"कशाचे?"

"उष्ट्याचे. जिबेकच्या. ती अर्धं खाते ना, ते उरलेलं अर्धं मला खावंसं वाटतं. अर्धा मासा, अर्धं सफरचंद, अर्धी वाटी कोबी. आख्खं समोर आलं की मळमळतं."

"उष्टंच हवं तर कुणाचंही खा!"

"खाऊन पाहिलं. मेलिसचं खाल्लं, उलटी झाली."

हसण्याचा असा काही लोट आला की बऱ्याच जणांचे हात आपोआप खाली आले. मेलिस कानांपर्यंत लाल झाला, पण हो म्हणाला. "झाली होती उलटी," म्हणाला. त्याच्या लग्नाच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत धाडसी वाक्य.

जुमादिल म्हणाला, "पोरी, घोड्याचं काळीज मागितलं असतंस तर आत्ता शिजवून दिलं असतं."

"घोडा तुम्ही खा, अता. पोरगी इथे ठेवा."

कुलुइपा खुळी नव्हती. तिने सुनेकडे बघितलं, मग थेट माझ्याकडे. "मुगालिम, तू शिकलेली आहेस. असले डोहाळे कुठल्या पुस्तकात लिहिलेत का?"

"डोहाळे पुस्तक वाचून लागत नाहीत, कुलुइपा."

"तू तिच्याच बाजूची."

"मी या हाडाच्या बाजूची आहे. ते अजून संपलेलं नाही."

शेवटी निकाल बोकोन-अताने दिला. त्याचे हात अजून वरच होते, बिचाऱ्याचे थरथरायला लागले होते. म्हणाला, "माझ्या वेळी माझ्या आईला माती खावीशी वाटायची. एका डोंगराची चालायची नाही, दुसऱ्या डोंगराची हवी. बापाने घोड्यावरून पोती वाहिली. आणि हिला काय हवंय, तर उष्टं! कुलुइपा, उष्ट्याचे डोहाळे मोडशील तर जन्मणारं पोर आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटात बघेल. ठेव पोरीला." आणि त्याने ओमीन म्हणून टाकलं.

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. पक्कं झालं, पण बुरुलच्या बाजूने.

कुलुइपा मग म्हणाली, "बरं. म्हातारा एकटा जाईल. मी पण थांबते. ही उष्टं खरंच खाते का, ते बघायला कुणीतरी हवंच."

तो हिवाळा बुरुलने जसा काढला तसा वैऱ्यावरही येऊ नये. सासू प्रत्येक जेवणाला समोर. जिबेकपुढे मासा, सफरचंद, गाजर, कोबी मांडायचा, तिने अर्धा खायचा, मग आईने तेच चघळलेलं, लाळेचं, कुस्करलेलं अर्धं संपवायचं. एक घास राहिला तरी कुलुइपा म्हणायची, "काय गं, डोहाळे फिटले वाटतं? ट्रक तयार आहे हं." बुरुल डोळे मिटून गिळायची. मी एकदा सहज गेले तर जिबेकने सफरचंद देठापर्यंत कुरतडून फक्त बियांचा गाभा आईच्या हातावर ठेवला. कुलुइपा भिंतीला टेकून खदखदून हसली. बुरुलने गाभाही खाल्ला, बियांसकट.

कोबी मात्र कुलुइपाच चिरायची. सुनेला सुरी धरता येत नाही म्हणे. चिप्सची पाकिटं बंद झाली होती, कारण ती आणणारा आक-सायला होता.

भर थंडीत जिबेकला सर्दी झाली आणि सकाळी सकाळी जबर धाप लागली. कुलुइपाने पहिलं काय केलं असेल? "बघ! बघ तुझा मासा!" म्हणून ओरडली आणि सुऊरच्या चरबीचा डबा आणायला धावली. बुरुलने प्लास्टिकच्या नळकांड्याला पंप लावला, पोरीला मांडीवर ताठ बसवलं, डॉक्टरणीने शिकवलं होतं तसा एकेक दाब देत गेली. ओठांचा रंग परतला तसं तिला गोधडीत गुंडाळलं, मेलिसला गाडी काढायला लावली, आणि सासूला म्हणाली, "चला. जे ओरडायचं ते तिथे डॉक्टरणीसमोर ओरडा."

गेली की कुलुइपाही! मीही गेले, गाडीत जागा होती. बाक्तिगुलने पोरीला वाफ दिली, छाती ऐकली, आणि सांगितलं की हे सर्दीने झालंय, माशाने नाही. पंप वेळेवर मिळाला म्हणून निभावलं. सुऊरची चरबी देत बसला असतात तर उशीर झाला असता.

कुलुइपाने लगेच पकडलं. "म्हणजे खाण्याने काही होत नाही! मासा नाही, कोबी नाही, सगळं थोतांड!"

"होत असेल. हळूहळू. झटका आला तर कोबी तो थांबवत नाही, आजी. पण पोरीचं वजन नीट वाढतंय, ते मला आवडलं."

"होत असेल? नक्की सांग ना. घे शपथ."

"नाही घेत."

बाहेर पडताना कुलुइपा मला म्हणाली, "ही कसली डॉक्टरीण? आमचा बोकोन-अता कुठल्याही गोष्टीवर शपथ घेतो." पण पंप कसा दाबायचा ते तिने गाडीत बुरुलकडून दोनदा शिकून घेतलं.

वसंतात पोरगा झाला. नाव तेमिर. जिबेकचा तो हिवाळा आधीच्या हिवाळ्यांपेक्षा बरा गेला होता, हे खरं. कशामुळे, ते मला विचारू नका. पंप रोज मिळत होता. पोरगी गोवऱ्यांच्या धुरात नव्हती, मेंढ्यांच्या गोठ्याशेजारी नव्हती, वर एका वर्षाने मोठी झाली होती. त्यात भाजी-माशाचा वाटा किती, हे सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. गावाला मात्र तेवढा दम कुठला? सोनुन नावाची शेजारीण एक दिवस बादली घेऊन काचघराशी आली. तिच्या नवऱ्याला दमा. म्हणाली, "बुरुल, गाजराचा रस कितीदा द्यायचा? त्याचा पंप आजपासून बंदच करते." बुरुलने तिची बादली गाजरांनी भरली, मग ती तिच्या हातात देताना म्हणाली, "गाजर जेवणात घाल. पंप बंद केलास तर मी स्वतः येऊन तुझ्या घराच्या काचा फोडीन. मला काचा हव्याच आहेत." सोनुन पुढे बरेच दिवस सांगत होती की बुरुलला मोठेपणा चढलाय, औषध लपवते.

आणि मग पाळण्याची जेवणावळ. तेमिरला पहिल्यांदा पाळण्यात घालायचा दिवस. जुमादिल आक-सायहून परतला होता, वाऱ्याने तोंडाची साल निघालेली, खिशात नातीसाठी गोड लाल बाटली. पंगत तीच, माणसं तीच. कुलुइपाने तेमिरला पाळण्यात बांधलं, ओवाळलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "चला. डोहाळे संपले, बाळंतपण झालं. आता जिबेक आमची. उन्हाळ्यात कुरणावर येईल, हिवाळ्यात आक-सायला."

मी बुरुलकडे बघत होते. तिला वाट काढता आली असती. अंगावर पितं पोर आहे, पुन्हा काहीतरी खावंसं वाटतंय, असं काहीही चाललं असतं. बोकोन-अता तर हात वर करायला तयारच होता.

ती उठून उभी राहिली. "अपा, उष्ट्याचे डोहाळे नव्हते. मी खोटं बोलले."

"काय?"

"खोटं बोलले. मळमळत होतं ते जिबेकचं उष्टं खाऊनच. मासा खरा होता, सफरचंद खरं होतं, उष्टं खोटं. आता डोहाळे नाहीत, सबब नाही, काही नाही. जिबेक माझ्याकडेच राहणार. मी तिची आई आहे. तिने काय खायचं, कुठे झोपायचं, पंप कधी ओढायचा, ते मी बघणार. तुम्ही आजी आहात, आजीच राहा."

कुणी हसलं नाही. जुमादिलने मान खाली घातली. बोकोन-अता म्हणाला, "पोरी, पण रीत..."

"रीत मला माहीत आहे, अता. मेलिसला विचारा. आजीकडे वाढलेला आहे. त्याने आईला आई म्हणायला कधी सुरुवात केली?"

सगळ्यांनी मेलिसकडे बघितलं. मेलिसने चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "लग्नानंतर." आणि मान वर करून आईकडे बघत म्हणाला, "जिबेक इथेच राहू दे, अपा."

कुलुइपाचा चेहरा मी विसरणार नाही. मुलाचं वाक्य तिला कुठे लागलं ते तिचं तिलाच ठाऊक. पण ती ओरडली सुनेवर, आणि काय ओरडली! "खोटारडे! तू खोटं बोललीस आणि मी म्हाताऱ्याला एकटा सोडून, डोंगर सोडून, हिवाळाभर कोबी चिरत बसले!"

"छान चिरलात," बुरुल म्हणाली. "माझ्याहून बारीक."

कुलुइपा ताडकन उठून बाहेर गेली. कुरणावर निघाली तेव्हा सुनेशी बोलली नाही, वळूनही पाहिलं नाही. गावात दोन तट पडले. बायका म्हणाल्या, पोरगी उद्धट. मग त्यातल्या काही संध्याकाळी गुपचूप येऊन पालकाची रोपं घेऊन गेल्या. बुरुल माफी मागायला गेली नाही. कुणी सुचवलं तर म्हणायची, "कशाची? खोटं कबूल केलं ना, सगळ्यांसमोर. पोरगी ठेवल्याची मागणार नाही."

उन्हाळ्याच्या मध्यावर ती स्वतःच कुरणावर गेली. दोन्ही पोरं, पंप, गाजर-कोबीची पोती घोड्यावर लादून. सासूच्या तंबूच्या खालच्या अंगाला, ओढ्याशी, मेलिसने तिचा वेगळा लहान तंबू उभा केला. मी दोन दिवस पाहुणी होते. कुलुइपा मला किमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ओतत, सुनेला ऐकू जाईल असं, मेंढ्यांना ओरडून म्हणाली, "ए, बाजूला व्हा गं! गवत खाणारी आणखी एक आलीय!"

खालून बुरुल ओरडली, "सगळं नाही खाणार! तुमच्यासाठी पण ठेवीन!"

तेवढंच त्यांचं बोलणं. जिबेक दिवसभर दोन तंबूंमध्ये पळत असते. वर आजीकडे साय आणि पाव खाते, आजोबांच्या घोड्यावर बसते, धाप लागेल असं वाटलं की आजी तिला हाताला धरून थांबवते. अंधार पडायला लागला की कुलुइपा नातीच्या अंगावर स्वतःचं जाकीट घालून तिला ओढ्यापर्यंत आणून सोडते, आणि पोरगी खालच्या तंबूत झोपायला जाते.